धुतलेल्या पाटीचा वास

१

आमच्या प्रयोगशाळेत बाटली उघडली की आधी नाक पुढे जातं, मग डोळे. भिंतीवर सुरक्षेच्या नियमांचा कागद चिकटवलेला आहे. त्यात चौथ्या क्रमांकावर स्पष्ट लिहिलंय की कोणत्याही द्रावणाचा वास थेट घेऊ नये. बरोबर त्याच कागदाखाली उभे राहून आम्ही वास घेतो. आताच्या मोठ्या सरांच्या आधी जे सर होते त्यांनी ही सवय लावली आणि ती काही सुटली नाही. नोंदवहीत तारीख, भांड्याचा क्रमांक, तापमान, दाब असे रकाने आहेत आणि शेवटचा रकाना आहे 'वास'. ज्याने वास घेतला त्याने तिथे आपल्या हाताने लिहायचं. जुनी पानं चाळलीत तर काय वाट्टेल ते सापडेल. 'नव्या रबराचा.' 'काकडी, पण शिळी.' 'माझ्या सासऱ्यांच्या कपाटाचा.' हे शेवटचं आमच्यातल्या घाईबाईंनी लिहिलंय आणि त्याला कुणी हरकत घेतली नाही, कारण वास खरंच तसा होता म्हणे.

काम काय, तर समुद्राच्या तळाचा चिखल. साडेतीन हजार मीटर खालून जहाजवाले तो आणून देतात. त्यात जे जिवाणू असतात त्यांना आम्ही जाड पोलादी भांड्यांत, खाली होता तेवढ्याच दाबाखाली, फ्रिजच्या थंडीत वाढवतो. ते जगताना जी काही रसायनं तयार करतात ती वेगळी काढायची आणि त्यातलं एखादं औषधाच्या कामी येतं का ते बघायचं. बहुतेक वेळा येत नाही. वाढवायचं काम माझं, रसायनं वेगळी काढायचं काम माझ्या बायकोचं. घरीदारी तीच माझी साहेब आहे, हे मी अठ्ठावीस वर्षांपूर्वीच मान्य करून टाकलंय.

मला इथे सगळे 'नाकवाले' म्हणतात. एके काळी झाकण अर्धं फिरवलं की मी सांगायचो, आत काय माजलंय आणि ते भरताना कुणी हात धुतले नव्हते. त्याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू. आणि तीन वर्षांपूर्वी एका तापात माझं नाक साफ गेलं. कांदा नाही, साबण नाही, पेट्रोल नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आलं नाही.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही. नाकवाल्याचं नाक गेलं म्हटल्यावर लोक आधी हसले असते, मग हळहळले असते, आणि मला त्यांची हळहळ नको होती. म्हणून मी युक्ती काढली. सगळ्यांत शेवटी जायचं, डोळे मिटून चांगला छातीभर श्वास ओढायचा, दोन क्षण विचार केल्याचं नाटक करायचं आणि आधीच्याने जे लिहिलंय ते थोडं फिरवून लिहायचं. परीक्षेत शेजाऱ्याचं बघून लिहिणारा पोरगा पन्नाशीनंतर माझ्यात शिरला होता. तीन वर्षांत एकदाही पकडला गेलो नाही.

२

अकरा नंबरच्या भांड्यात अकरा महिने काहीच झालं नव्हतं. राखाडी चिखल आणि खारट पाणी. मोठे सर ते टाकून द्यायला निघाले होते, पण बायको म्हणाली राहू द्या, आणि त्या महिन्यात पाण्यावर एक पातळ पापुद्रा धरला.

उघडायच्या दिवशी आम्ही सगळे जमलो. सगळे म्हणजे सात जण. मोठे सर, माझी बायको, मी, घाईबाई, जोडगोळी आणि मावशी. घाईबाई म्हणजे आमच्या सूक्ष्मदर्शकावरच्या संशोधिका. त्या कायम बस चुकायच्या बेतात असतात. जोडगोळी म्हणजे दोघे संशोधक, एकाच टेबलावर समोरासमोर बसतात आणि खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून सहा वर्षं भांडतायत. मावशी काचेची भांडी धुतात. वास घ्यायचा मान त्यांनाही असतो. कित्येकदा आम्हा शिकलेल्यांपेक्षा त्यांचंच बरोबर निघतं.

दाब उतरवला, झाकण काढलं, एकेक जण वाकला. एरवी वास घेतला की लगेच कुणीतरी ओरडतं, 'शी, मेलं काय हे!' त्या दिवशी कुणी काही बोललं नाही. वाकायचे, सरळ व्हायचे, वहीत लिहायचे, बाजूला व्हायचे. मी शेवटी गेलो. माझा तो प्रसिद्ध छातीभर श्वास ओढला. नाकात थंडगार हवा शिरली, बस. बायकोच्या ओळीकडे चोरून बघितलं आणि खाली लिहून टाकलं, 'धुतलेल्या पाटीचा.'

दुसऱ्या दिवशी दाबाचा आकडा बघायला वही उघडली आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. सात ओळी होत्या. सातही ठिकाणी 'धुतलेल्या पाटीचा'. बरं, एखाद्या वासाबद्दल एकमत होऊ शकतं. पण वरच्या सहाही जणांनी आधी 'ओल्या' असं लिहिलं होतं, त्यावर एक आडवी रेघ मारली होती आणि मग 'धुतलेल्या' लिहिलं होतं. सहा वेगळी अक्षरं, सहा वेगळी पेनं आणि खोडाखोड मात्र एकच.

एकमेकांचं बघून लिहिलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण बघून लिहिण्यात माझा हात धरणारा कुणी नाही. बघून लिहिणारा शेवटचा शब्द उचलतो. खोडलेला शब्द कुणी उचलत नाही. माझ्या ओळीत खोडाखोड नव्हती.

३

चार वाजता आमचा चहा असतो. मागच्या खोलीत एक लांब टेबल आहे, त्यावर सात कप. चहाच्या बाबतीत आम्ही नवराबायको म्हणजे दोन टोकं. ती उकळता चहा तीन घोटांत संपवते आणि मोकळी होते. मी फुंकर मारत बसतो. ती उठून भांडी विसळायला लागली तरी माझा निम्मा कप बाकी असतो. 'तुमचा चहा म्हणजे सरकारी काम,' हे वाक्य मी रोज ऐकतो.

अकरा नंबर उघडल्याला आठवडा झाला असेल. मी फुंकर मारत होतो आणि 'टक्' असा आवाज झाला. कप टेबलावर ठेवल्याचा. त्यात विशेष काही नाही, पण आवाज जरा मोठा होता. थोड्या वेळाने पुन्हा 'टक्'. मी मान वर केली. सहा हात सहा कपांवर. मग सहा कप वर गेले, सहा घोट घेतले गेले आणि पुन्हा एकच टक्.

माझी बायको त्यात होती. तिचा चहा अजून संपलेला नव्हता, हेच मला सगळ्यांत आधी खटकलं.

मी किल्ल्यांचा जुडगा मुद्दाम खाली पाडला. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बघणारच, एवढा मोठा आवाज झाल्यावर कोणीही बघेल. पण माझ्यावरून नजराही सगळ्यांनी एकदमच काढल्या.

माझी फिरकी घेतायत, असं मला वाटलं. कुणाला तरी माझ्या नाकाचं कळलंय आणि हा सगळा खेळ मला पकडण्यासाठी चाललाय. मी घाईबाईंना जिन्यात गाठलं.

"काय चाललंय हे?"

"कशाचं?"

"कप. सगळे एकदम खाली ठेवता ते."

त्या हसल्या. "नाकवाले, तुम्हाला सुट्टीची गरज आहे बघा."

हे बोलून त्या जिना उतरल्या. एकेक पायरी, सावकाश. घाईबाई सावकाश जिना उतरल्या, अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा!

४

मी संशयी माणूस आहे. आमच्या धंद्यात तो गुणच समजला जातो. नमुन्यात काही सापडलं की आधी विचारायचं, हे भांड्यातलं की आपल्या हातचं? त्यासाठी आम्ही रसायनं वेगळी करणाऱ्या यंत्रातून एक कोरा नमुना सोडतो. कोरा म्हणजे जिवाणू न घातलेलं नुसतं खारट पाणी. त्याची रेघ पडद्यावर सपाट यायला हवी. जिवाणूंचं रसायन असेल तर रेघेवर उंचवटा येतो. अकरा नंबरचा उंचवटा एकोणिसाव्या मिनिटाला यायचा, सुईसारखा टोकदार.

त्या आठवड्यात कोऱ्या नमुन्यातही एकोणिसाव्या मिनिटाला उंचवटा आला.

मी यंत्राची नळी बदलली. पाणी बदललं. बाटल्या नव्या घेतल्या. उंचवटा होताच. नळाचं पाणी सोडून बघितलं. होता. मावशींच्या बादलीतलं पाणी सोडलं. होता. मग माझ्या डोक्यात काय आलं कोण जाणे, चार वाजता चहा झाल्यावर मी सातही कप वेगवेगळे विसळले आणि ती सात धुवणं यंत्राला लावली. सहा उंचवटे आले, पडद्याच्या वरच्या कडेला टेकणारे. सातवा कप माझा. त्याची रेघ जवळजवळ सपाट होती. एकोणिसाव्या मिनिटाला किंचित फुगल्यासारखी वाटली, पण शेजारच्या कपाचं पाणी उडालं असेल. विसळताना मी घाई केली होती.

मला वास येत नाही म्हणून मी सुटलोय, असा मी हिशेब मांडला. त्या दिवशी नाक गेल्याचा मला पहिल्यांदा आनंद झाला.

घरी जाताना गाडीत बायकोला विचारलं, "ते अकरा नंबरचं रसायन नेमकं करतं काय?"

"औषधाचं काम करत नाही," ती म्हणाली. "ते मोजायला असतं."

"काय मोजायला?"

"एकमेकांना. एकेकटा जिवाणू ते जरा जरा बाहेर सोडतो. खाली अंधारच ना, दुसरा शेजारी आहे की नाही हे कळणार कसं? पाण्यात ते किती साठलं यावरून त्यांना समजतं आपण किती झालो. आपल्या ओळखीचे कितीतरी जिवाणू असंच करतात, त्यात नवल नाही. थोडे असतात तोवर गप्प बसतात. पुरेसे झाले की सगळे एकदम कामाला लागतात."

"कसलं काम?"

"कुणी उजेड पाडतं. कुणी हल्ला करतं. ज्याचं त्याचं."

"आणि हे अकरा नंबरवाले?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "ते कळायला आधी पुरेसे व्हायला हवेत," ती म्हणाली आणि बाकी रस्ताभर काही बोलली नाही. एरवी मी गिअर बदलला तरी ती टोकते.

५

मी बायकोवर पाळत ठेवायला लागलो. लाज वाटते सांगायला, पण ठेवली.

ओला टॉवेल पलंगावर टाकला. तिने उचलून वाळत घातला. तो तपकिरी शर्ट, जो तिने तीन वेळा कचऱ्यात टाकलाय आणि मी तीन वेळा काढून आणलाय, तो घालून नाश्त्याला बसलो. तिने ताटली पुढे सरकवली. शेवटी मी म्हणालो, "तुझी बहीण हल्ली फार जाडी झालीय."

"हो, झालीय," ती म्हणाली.

आमचा संसार भांडणावर चालतो. मला तिच्या टोमण्यांशिवाय सकाळ सुरू झाल्यासारखी वाटत नाही. ही बाई शांत होती, गोड होती, माझं सगळं ऐकत होती आणि मला माझी भांडखोर बायको परत हवी होती. दुसरं काही नको होतं. शोध नको, औषध नको, नाकसुद्धा नको.

गुरुवारी सकाळी ती ओट्यापाशी टोमॅटो चिरत होती. मी वर्तमानपत्राआडून बघत होतो. सुरी अर्ध्या टोमॅटोत शिरली आणि थांबली. तीही थांबली. नळ चालू होता. तिची पाठ माझ्याकडे होती. खांदे श्वासाने हलत होते, बाकी काही हलत नव्हतं. मी घड्याळ बघितलं. सात बेचाळीस.

"अगं," मी म्हणालो. "अगं, नळ."

पंचेचाळीसला सुरी खाली उतरली आणि टोमॅटोचे दोन भाग झाले. तिने नळ बंद केला.

"काय म्हणालात?" तिने विचारलं.

६

प्रयोगशाळेत पोचलो तर मावशी फरशी पुसत होत्या.

"आज लवकर पुसायला घेतलंत," मी म्हणालो.

"काय सांगू दादा, घरी बादली भरायला लावली आणि वाहून वाहून सगळं न्हाणीघर भरलं. मी शेजारीच उभी होते हो! मला पत्ताच नाही. पोरं ओरडायला लागली तेव्हा कळलं. म्हटलं, घरी राहून आणखी काय घोळ घालायचा, त्यापेक्षा आपलं काम बरं."

"किती वाजता?"

"पावणेआठ असतील."

घाईबाई टेबलावर बॅग ठेवत होत्या. मी सहज विचारल्यासारखं केलं, आज बस मिळाली का?

"नाही ना. मी थांब्यावर उभी, बस आली, दार उघडलं, दार लागलं, गेली. मी बघतच राहिले. कंडक्टर हाक मारत होता म्हणे."

जोडगोळीतल्या एकाच्या गालावर दाढी करताना कापल्याची लांब रेघ होती. दुसऱ्याच्या गालावरही होती. खिडकी अर्धी उघडी होती आणि त्यावरून कुणी भांडत नव्हतं. मोठ्या सरांना मी काही विचारलं नाही. त्यांच्या शर्टावर दुधाचा डाग होता, तेवढा मला पुरला.

सहा वेगवेगळ्या ठिकाणी, पाच वेगवेगळ्या कामांत, तीन मिनिटं सगळे थांबले होते. का, ते मला कळत होतं आणि ते कळू नये असं मला फार वाटत होतं. ते मोजत होते. आकडा अजून पुरा झालेला नव्हता.

आमच्यात न मोजलेला माणूस एकच होता.

७

शुक्रवारी जेवायच्या सुट्टीत सगळे मागच्या खोलीत गेले तेव्हा मी अकरा नंबर बाहेर काढला. आमच्याकडे वाफेचं यंत्र आहे, एक मोठा कुकरच समजा. त्यात काहीही घातलं की अर्ध्या तासात सगळं मरतं. साडेतीन हजार मीटर खालचे जिवाणू तर थंडीत वाढलेले, ते पाच मिनिटंही टिकणार नाहीत. वहीत मी 'चुकून दूषित झाले' असं लिहिणार होतो. माझ्या चांगल्या नावाला डाग लागला तर लागो. बायको वाचली म्हणजे झालं.

दाब उतरवला. झाकण काढलं. सवयीने मी वाकलो आणि तोच तो छातीभर श्वास ओढला. समोर बघायला कुणी नव्हतं. नाटक कुणासाठी केलं, देव जाणे.

भांड्यात पापुद्रा नव्हता. चिखल तळाशी बसला होता आणि वर स्वच्छ पाणी होतं, तळ दिसेल इतकं स्वच्छ. पुन्हा पुन्हा बघितलं. त्या पाण्यात काहीच नव्हतं.

तरीही मी भांडं यंत्रात ठेवलं, दार आवळलं, अर्ध्या तासाची वेळ लावली. वाफेचा पहिला फुसकारा ऐकला. लगेच घंटा वाजली. यंत्र बिघडलं असेल म्हणून मी काटा बघितला. अर्धा तास झाला होता. माझा हात अजून दाराच्या मुठीवर होता आणि तळवा भाजून लाल झाला होता.

मी मागे वळलो. दाराच्या काचेपलीकडे सहा जण उभे होते. कुणी चिडलेलं नव्हतं. मोठ्या सरांनी दार उघडलं.

"सर, ते दूषित..." मी म्हणालो.

"असू दे, असू दे," सर म्हणाले. "ते भांडं कधीचंच रिकामं करायचं होतं. बरं केलंत."

मावशींनी पुढे होऊन माझा हात हातात घेतला आणि नळाखाली धरला. सगळे माझ्याकडे अशा मायेने बघत होते की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"यांना घरी घेऊन जाते," माझी बायको म्हणाली.

८

घरी आल्यावर तिने मला स्वयंपाकघरात खुर्चीत बसवलं, हाताला मलम लावलं आणि पट्टी बांधली. दुपारचे तीन वाजले होते. उन्हाची एक तिरीप ओट्यावर पडली होती. तिने चहाचं आधण ठेवलं आणि पाठमोरीच म्हणाली,

"किती दिवस लपवणार होतात?"

"काय?"

"नाक."

मी पट्टीची गाठ उगाच चाचपली.

"तीन वर्षं झाली," ती म्हणाली. "मला काय कळत नाही होय? तुमच्या शेजारी दूध करपून कोळसा झालं आणि तुम्ही आरामात शब्दकोडं सोडवत बसला होतात. मी नवीन अत्तर लावलं तर म्हणालात, छान, नेहमीचंच आहे ना? गॅस चालू राहिला तर हा माणूस मरेल म्हणून मी रात्री तीनदा उठून बटण बघते. नाकवाले म्हणे! नाकापेक्षा मिजास जड."

हीच ती. हाच आवाज, हेच फटकारे. चार आठवड्यांत पहिल्यांदा माझी बायको मला बोलत होती. माझे डोळे भरून आले आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघितली. बायकोला सांगायला काय झालं होतं?"

"चुकलं," मी म्हणालो. "अगं, चुकलंच माझं."

"त्या दिवशी तर कमालच केलीत. अकरा नंबरला. आम्ही सगळ्यांनी जेमतेम हुंगलं, आणि तुम्हाला काही येत नाही म्हणून केवढा मोठा श्वास ओढलात! सगळ्यांत जास्त तुमच्या आत गेलं असेल."

ती हे अगदी सहज म्हणाली, चहा गाळता गाळता. मला मात्र सातव्या कपाची रेघ आठवली. एकोणिसाव्या मिनिटाला फुगलेली.

"वास आला नाही म्हणून काय झालं," ती म्हणाली. "श्वास तर चालूच होता की. तुमच्या नाकालाच जागं व्हायला वेळ लागला. आम्ही थांबलो होतो."

"आम्ही," मी म्हणालो.

तिने दोन कप टेबलावर ठेवले. वाफ निघत होती. मी फुंकर मारायला ओठ पुढे केले आणि फुंकर न मारताच घोट घेतला. उकळता होता. भाजलं नाही. समोर तिनेही घोट घेतला होता.

आम्ही कप खाली ठेवले. टक्. एकच आवाज झाला, पण तो आमच्या दोन कपांचा नव्हता, त्याहून मोठा होता. भिंतीपलीकडे शेजारी राहतात, त्यांच्याकडूनही तो आला होता. वरच्या मजल्यावरूनही आला होता. त्या लोकांचा प्रयोगशाळेशी काय संबंध, असा विचार माझ्या मनात आला. मग बादलीतलं पाणी आठवलं. नळाचं पाणी आठवलं.

उठून पळायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण ती माझ्यासमोर बसली होती, माझी भांडखोर बायको, आणि माझ्याकडे बघून हसत होती. मी तिला सोडून कुठे जाणार होतो?

तेवढ्यात नाकात काहीतरी हललं. आधी थंडी, मग त्या थंडीला एक धार. तीन वर्षांनी. मी खुर्चीची कड घट्ट धरली.

तिला दिसलं. ती टेबलावरून पुढे झुकली. "आला?" तिने विचारलं. "कसला आला हो?"

"ओल्या," मी म्हणालो आणि थांबलो. "नाही. ओल्या नाही. धुतलेल्या पाटीचा."

तिचे डोळे पाण्याने भरले. तिने माझ्या पट्टीवर हात ठेवला. मग आम्ही पुन्हा कप उचलले, आणि भिंतीपलीकडेही कप उचलले गेले.